काकाचं लुगडं

परभणीच्या बसस्टँडवर पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझी डावी मूठ रिकामी झाली. एवढंच झालं. मघापर्यंत त्या मुठीत एक ओलसर, बिस्किटाचा चुरा लागलेलं बोट होतं, ते आता नव्हतं. मी खाली बघितलं. खाली पायच पाय होते. धोतरातले, पायजम्यातले, चिखल वाळलेल्या बुटांतले, जोडव्यांचे. गुडघ्याएवढ्या उंचीवर जे दिसायला हवं होतं ते कुठंच नव्हतं. जिंतूरची गाडी मागं येत होती, कंडक्टर तिच्या पाठीवर थापा मारत होता, आन दे, आन दे. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं. आत शब्दच नव्हता. मग मी ओरडले, "बाळ!" चार बायकांनी आपापल्या लेकराकडं बघितलं. एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. गाडी थांबली, लोक उतरले, आणि मी वाकून त्यांच्या पायांमधून बघत राहिले. पाटी टाकून बसलेल्या बोरवालीनं त्याला काखेत मारून आणलं तेव्हा तो दोन्ही मुठींत बोरं धरून शांत होता. "तुझंय का गं हे? केव्हाचं इचारायले, नाव काय बापू तुझं, तर नुस्तं बघायलंय टकामका. काय नाव याचं?" मी म्हणाले, "बाळ." "आगं माय, समदेच बाळ असतेत. नाव काय?" मी त्याला तिच्या काखेतून ओढून घेतलं, बोरांचे पैसे द्यायला लागले तर ती नको म्हणाली. "धर नीट," एवढं म्हणाली. आणि जाताना दुसऱ्या बाईला म्हणाली, ते मला ऐकू आलं, "शिकलेली दिसती, अन् लेकराचं नाव न्हाई सांगत."

ती समजली मी सांगत नाही. नव्हतंच, हे तिच्या मनातही आलं नसेल. पावणेदोन वर्षांच्या, चालत्या, बोरं खाणाऱ्या मुलाला नाव नाही हे कुणाच्या मनात येईल? वालूरच्या गाडीत मला खिडकीशी जागा मिळाली. मी त्याला मांडीवर घट्ट धरून बसले. त्याच्या मुठीतली बोरं एकेक काढून घेतली, कारण बी घशात अडकते. तो रडला नाही. तो फार रडत नाही, आणि तेही मला बरं वाटत नाही. कपाळाला हाताची उलटी बाजू लावून बघितलं. थंड होतं. पुन्हा बघितलं. हे मी दिवसातून किती वेळा करते ते यांनी एकदा मोजायला घेतलं होतं आणि दुपारपर्यंत दमून सोडून दिलं. यांचा स्वभाव तसा हसण्यावारी नेणारा. गेल्या महिन्यात संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचं नाव एकदाचं जाहीर झालं, आमच्या गल्लीत रात्रभर निळा गुलाल उधळला, तेव्हा हे मला म्हणाले, "बघ, सोळा वर्षांनी का होईना विद्यापीठाचं झालं. आता आपल्या पोराचं कधी करायचं? का त्यालाही मोर्चा काढावा लागेल?" मी हसले. लस टोचायच्या कार्डावर 'बाळ' आहे, आईला लिहिलेल्या पत्रात 'बाळ' आहे, शेजारणी विचारतात तेव्हा मी म्हणते, सवड कुठं मिळते, नणंद नांदेडला, तिचीही लेकरं लहान. खरं तर नाव आहे. तो पोटात असतानाच मी ते ठरवलं होतं. ते माझ्या तोंडात, टाळूपाशी, पावणेदोन वर्षं तसंच आहे. मी बी.ए. आहे, मानसशास्त्र घेऊन. दृष्ट, उतारा, दगडू-धोंडू, यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून कुणी मानत नाही. पण टाळूपासून ओठांपर्यंतचं ते अंतर मला ओलांडता येत नव्हतं, आणि ज्याच्याजवळ हे बोलले असते तो सूर्यभानकाका गेला, त्याला आता दोन वर्षं होत होती. त्याच्याच स्मृतिदिनाला मी वालूरला निघाले होते.

आमच्या आजोबांना सहा मुलगे. मुलगी एकही नाही. माझे वडील सिताराम थोरले, सूर्यभानकाका पाचवा. सहा भावांची लेकरं, एका गल्लीत एकमेकांना चिकटलेली घरं, कोण कुणाच्या चुलीवर जेवलं याचा पत्ता नाही. सगळं होतं, फक्त आत्या नव्हती. आणि आत्या नाही तर लेकराच्या कानात कुर्रर्र कोण करणार? पहिल्या नातवाच्या वेळी शेजारची कुणी बाई बोलवावी असं ठरत होतं. तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला काका उठला, दोरीवरचं आईचं लुगडं ओढलं, डोक्यावरून पदर घेतला आणि पाळण्यापाशी जाऊन बसला. "परकी कामून? मी काय मेले का?" असं तो म्हणाला म्हणतात, नाकात बोलून. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक लेकराची आत्या तोच. मीही त्याच्याच पदराखाली नाव ऐकलेली. पुढं तो गवंडी झाला, हात घमेल्यासारखे झाले, मिशा आल्या, तरी बारशाला पदर तोच. पाळण्यात वाकायचा, लेकराच्या कानाशी मिशा टेकवायचा, लेकरू दचकायचं, आणि हा मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा, "कुर्रर्र... नाव ठिवलं, थापी!" बायका ओरडायच्या. "ऱ्हायलं. ओळंबा!" मग खरं नाव सांगायचा. नाव कानात पडलं की बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीतच आहे. आमच्या आया-काकू त्या एका धपाट्यासाठी वर्षवर्ष थांबायच्या असं मला वाटतं. धाकटी काकू चांगुणाबाई एरवी या थोरल्या दिरासमोर नाकापर्यंत पदर ओढायची, त्याच्या सावलीलासुद्धा वाट द्यायची, कधी तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी मात्र पदर खोचून पुढं यायची आणि दोन्ही हातांनी असा धपका घालायची की काका पाळण्यावर पालथा. "मेले गं बाई! हिला कुणी शिकवलं? भावजयी हायत का पैलवान?" आणि मग पाठ चोळत, पदर सावरत, सगळ्यांत थाटाची गोष्ट. हात पुढं. "आत्याचं लुगडं कुठाय?" लुगडं घेतल्याशिवाय उठायचाच नाही. ते लुगडं केशरकाकूला. केशरकाकू सांगायची, "माझ्या नवऱ्यानं मला जन्मात एक लुगडं न्हाई घेतलं. जी हायत ती लेकरायनं घेतलीत."

त्यानं मला फौजदारीण हे नाव दिलं होतं, कारण मी सारखी बघत असायची. विहिरीवर गेलो तर कोण काठाशी गेलं, झाडावर चढलो तर कोणती फांदी वाळलेली, जेवताना कुणी हात धुतले नाहीत. "काय फौजदारीणबाई, समदी गँग हाजर हाय का?" असं तो विचारायचा आणि मी नजरेनं मोजून सांगायची, हाय. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, आसपासच्या गावांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या तेव्हा, मी बारा वर्षांची होते. आम्हा सगळ्या लेकरांना थोरल्या घरात बसवलं होतं आणि काका दारात बसून दिवसभर एकेकाची नक्कल करत होता. शाळेचे गुरुजी, पाटलाची म्हैस, सरकारी दवाखान्यातला कंपौंडर. आम्ही पोटं धरून हसत होतो. मी मधेच विचारलं, "काका, तू दाराला पाठ लावून कामून बसलास? वारं लागायलंय." तो म्हणाला, "गप, फौजदारीण. म्हशीचं अर्धंच झालंय." आमच्या गल्लीत कुणी आलं नाही. पण त्याची पाठ आणि ते दार मी कितीतरी वर्षांनी, कॉलेजात, वाचनालयात बसलेली असताना एकाएकी ओळखलं, आणि पुस्तक मिटून घरी गेले. नामांतराच्या सत्याग्रहात तो दोनदा तुरुंगात जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा आई ओवाळत होती आणि तो सांगत होता, "वैनी, आतल्या ढेकणायची बी नावं ठिवून आलो. समदे रात्रभर आत्या, आत्या करायलेत." नावासाठी तो लढलाही, आणि नाव ही त्याची सगळ्यांत मोठी गंमतही होती. दोन्ही एकाच माणसात असतात हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. आता वाटतं. बाहेर हरभऱ्याची शेतं मागं सरकत होती आणि मांडीवर तो झोपला होता. मी त्याच्या नाकापुढं बोट धरलं. श्वास लागला. बोट काढलं. पुन्हा धरलं.

माझ्या पहिल्या लेकीच्या, विशाखाच्या बारशाच्या वेळी नणंदेचे दिवस भरत आले होते, तिला येता येईना. तिनंच निरोप धाडला, तुमच्या काकांनाच बसवा, मला त्यांच्याइतकं काय जमतंय? काका परभणीला आमच्या दोन खोल्यांत आला. सासरची माणसं आधी बिचकली, पण त्यानं पदर घेतला आणि माझे सासरे हसता हसता खोकायला लागले. "कुर्रर्र... नाव ठिवलं, फौजदारिणीची जमादारीण!" मग विशाखा. मग धपाटे. सासूबाईंनीसुद्धा एक घातला. चांगुणाकाकू तर मुद्दाम वालूरहून त्यासाठीच आली होती. विशाखा पाच महिने होती. जुलाब लागले तेव्हा काय करायचं ते मला सगळं माहीत होतं. उकळून गार केलेलं पाणी, मीठ, साखर, चमच्याचं माप, सगळं माहीत होतं आणि सगळं केलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या ओठांवरचा चमचा तसाच ओला राहिला. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. माझ्यासाठी. मी खोलीत आले की बोलणं थांबायचं, कुणाचं लेकरू रडलं की त्याला बाहेर नेलं जायचं, तिची टोपडी कुणीतरी कुठंतरी ठेवून दिली. सगळे इतके जपत होते की पाच महिने आपण काय करत होतो हे मला कुणाला विचारताही येईना. चौदा एप्रिलला मी माहेरी गेले. काकानं मिरवणुकीहून येताना पाटीभर जिलबी आणली आणि नेहमीसारखा ओसरीवर बसून लेकरांना नाव घेऊन एकेक वाटायला लागला. हा तुझा, ही तुझी, हे तू दोनदा कामून आलास रे चोरा. शेवटी एक जिलबी हातात धरून तो म्हणाला, "अन् ही इशीची." माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. काकानं जिलबीकडं बघितलं, कान तिच्याजवळ नेला, आणि म्हणाला, "काय म्हनतीस? दात न्हाईत? आज्या, तूच खा? बरं बाई." आणि खाल्ली. सावकाश, बोटं चाटून. मी हसले. कुठून आलं ते हसू कोण जाणे, ते आलं आणि मग थांबेना, आणि हसता हसता मी तिथंच बसून मोठमोठ्यानं रडले, तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि तो माझ्या डोक्यावर चिकट हात ठेवून बसून राहिला. त्यानंतर दरवेळी तो एक वाटा तिचा काढायचा आणि स्वतः खायचा. केशरकाकू म्हणायची, "लेकराच्या नावावर पोट भरायलंय म्हातारं."

पण त्या साली घरात आणखी दोन बारशी झाली आणि काका पदर घ्यायला उठला नाही. "आता घरच्या पोरीयनं घ्यावं. माझी पाठ लय खिळखिळी झाली मार खाऊन." सगळ्यांना ते पटलं. मी मात्र बघणारी. मला दिसलं की दुसऱ्या बारशाला तो पाळण्यापाशी आलाच नाही, दूर लिंबाखाली उगीचच एक वीट छिनत बसला होता. मी जाऊन विचारलं, "काका, विशाखामुळं का?" तो म्हणाला, "चौकशी बंद." मी गेले नाही. तेव्हा तो विटेकडं बघतच बोलला, आणि ते नाकातलं, नकलेचं बोलणं नव्हतं. "एवढ्या लेकरायच्या कानात बोललो. कधी असं झालं न्हाई. आता तोंड लावावं वाटत न्हाई. येडेपणा हाय, मला कळतंय." आम्ही दोघं तिथं बसून राहिलो, दोन न मानणारी माणसं. मग पुन्हा माझ्या पोटात हा आला. सातव्या महिन्यात मी वालूरला गेले तेव्हा काका काविळीनं अंथरुणावर होता, डोळे हळदीसारखे, त्यावरही स्वतःच विनोद करत होता की नवरदेव झालोय. मला जवळ बसवून म्हणाला, "येंदा मी येतो. लुगडं घिऊन ठिव. चांगलं घे, मागचं लय आखूड व्हतं." मी म्हणाले, "काका, मला भ्याव वाटतंय. नावच नको ठिवायला." तो पडल्या पडल्या माझ्याकडं बघत राहिला. "मला बी वाटलं व्हतं तसंच. मंग इचार केला, इशीला नाव नसतं, तर जिलबी कुणाची म्हनून खाल्ली असती मी?" दम लागला म्हणून थांबला. "नाव काय ऱ्हायासाठी ठिवतेत का बाई? हाक मारायसाठी ठिवतेत. जितके दिस मारता यील तितके दिस." परभणीला परतल्यावर मी बाजारातून लुगडं आणलं, गर्द जांभळं, रुंद काठाचं. दुसऱ्या आठवड्यात निरोप आला. ते लुगडं ट्रंकेत राहिलं, आणि आज माझ्या पायाशी पिशवीत होतं. केशरकाकूला देऊन टाकावं, एवढंच मी ठरवलं होतं. देऊन टाकलं की ट्रंकेतलं एक जड काहीतरी कमी होईल.

वालूरला उतरले तेव्हा बुद्धवंदना होऊन गेली होती. ओसरीवर काकाचा फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचा हार. फोटोत तो गंभीर आहे, त्यामुळं तो काका वाटत नाही, त्याचा कुणी भाऊ वाटतो. मी मुलाला कडेवरून न उतरवता सगळ्यांना भेटले. केशरकाकू आत चुलीपाशी होती. मी पिशवी उघडून लुगडं तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं ओले हात पुसून घडीवरून बोट फिरवलं, काठ उलटून बघितला.

"हे कशाचं?"

"काकानं सांगितलं होतं घेऊन ठेव म्हणून. तेव्हाचंच आहे. तुमी नेसा काकू."

"बारशाचं हाय म्हन की." तिनं मुलाकडं बघितलं. "मंग काय नाव ठिवलं?"

मी मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिनं घडी उचलली, जशीच्या तशी माझ्या पिशवीत घातली.

"न्हाई बाई. नावाबिगर मी आत्याचं लुगडं घेत नसते. तुझ्या काकानं कधी फुकट घेतलं न्हाई, पाठ फोडून घेतलं." आणि पुन्हा भाकरीकडं वळून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "रागानं न्हाई बोलत. पर ते बी लेकरू किती दिस ऐकणार, बाळ, बाळ?"

बाहेर लेकरांची पंगत बसत होती. चांगुणाकाकू परात घेऊन उभी होती, आता तिचेही केस पांढरे झाले होते. ती एकेकाला नाव घेऊन बसवत होती, तू इकडं, तू सरक तिकडं, ए, तू भावाच्या ताटात हात घालू नको. लेकरं आपलं नाव आलं की धपकन बसत होती. माझा मुलगा माझ्या कडेवरून वळवळला. मी त्याला खाली उतरवलं, कसं कोण जाणे. तो पंगतीच्या कडेनं चालत गेला, टोकाशी जाऊन उभा राहिला आणि चांगुणाकाकूच्या तोंडाकडं बघायला लागला. त्याला कळलं असावं, ती काही म्हणते आणि मग बसायचं असतं. तिनं शेवटच्याला बसवलं. मग हा दिसला. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, सकाळी माझं राहिलं होतं तसं. "अन् हे... आपल्या परभणीवालीचं... ये रे... ये की..." तो हलला नाही. अजून वाट बघत होता. आपली पाळी आली नाही असं त्याला वाटत होतं.

मी ओसरीचा खांब धरला. टाळूपाशी पावणेदोन वर्षं होतं ते ओठांपर्यंत आलं, तिथं थांबलं, आणि मग बाहेर पडलं, अगदी साध्या आवाजात, जसं रोजच म्हणते.

"सुमेध, बस बाळा."

चांगुणाकाकूनं वळून माझ्याकडं बघितलं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. पंगतीतल्या एकदोन लेकरांनी इकडंतिकडं बघितलं, कोण सुमेध म्हणून. तो मात्र तसाच उभा होता, पाठमोरा, बोट तोंडात. त्याला कुठं ठाऊक होतं. मी खांब सोडला आणि पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं.